धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचं धान

आंबागडच्या मंदाबाई चाळीस वर्षं मुठीने बी फेकून धान पेरतात. त्यांचं शेत कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. नागपूरला शिकणारी नात टीना घरी आली होती, पण उद्याच्या खगोलशास्त्राच्या तोंडी परीक्षेतल्या एका प्रश्नावर अडली होती.

"काहून वो, तोंड पाडून बसली?"

"आजी, जुन्या ताऱ्यांनी बनवलेलं लोखंड शेकडो आकाशगंगांच्या समूहातल्या वायूत, मधला गाभा सोडला तर पार काठापर्यंत, सारख्याच प्रमाणात आहे. कसं काय?"

मंदाबाईंनी वावराकडे बोट दाखवलं. "वाटणीच्या साली धुऱ्याच्या दोन्ही बाजूले सारखंच धान उगवलं होतं. मी आधी पेरलं. तुह्या आज्यानं अन् त्याच्या मोठ्या भावानं वावरात बांध घालून धुरा मंग टाकला."

टीना उठूनच उभी राहिली. "म्हणजे समूह जमायच्या आधीच ताऱ्यांनी लोखंड फेकलं!"

"हात बरा दिसते त्यायचा," मंदाबाई म्हणाल्या.