दादांच्या पाठीवरची गोचीड

मोशीत आमच्या सोसायटीमागे अजून थोडं गायरान उरलंय. कमरेएवढं गवत आणि त्यात जुन्या गावकऱ्यांच्या म्हशी. माझे सासरे, म्हणजे दादा, चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी तिथेच. घरात चार शब्द बोलायचे वांधे, म्हशींशी मात्र तासभर गप्पा. मला त्यांचं हे वेड फार आवडतं. तिथून अंगावर येणाऱ्या गोचिडींचा मात्र भयंकर राग येतो.

सासूबाई होत्या तोवर चिंता नव्हती. दादा आले की दारातच दोन्ही हात वर करायचे. शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटवर झडती द्यायची सवय ती. आणि सासूबाई कुठल्याही वॉचमनपेक्षा कडक. कानामागे, काखेत, नाडीखाली, पाठीवर, काही सुटायचं नाही.

त्या गेल्या आणि ड्यूटी माझ्यावर आली. नवरा फर्स्ट शिफ्टला, भल्या सकाळीच बाहेर. पण सुनेनं सासऱ्यांचं अंग तपासायचं? मी कॉलर बघायची, मोजे झटकायची आणि खिडकीकडे तोंड करून विचारायची, "पाठ?"

"बघितली आरशात," दादा भिंतीला सांगायचे. मग दोघंही सुटल्यासारखे चहाला बसायचो. आरशात स्वतःची सबंध पाठ दिसत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण जीभ रेटायची नाही.

भाद्रपदात दादांना ताप आला. दोन दिवस झाले तरी उतरेना. तिसऱ्या दिवशी ते दाराच्या चौकटीला पाठ घासताना दिसले, अगदी म्हशीसारखे. आधी हसू आलं, मग वाटलं, ताप गोचिडीचा तर नसेल?

"दादा, सदरा काढा."

"पोरगा आला की बघंल."

"तो चारला येणार. आत्ता काढा."

खांद्यांच्या मधोमध वाटाण्याएवढी गोचीड, टम्म फुगलेली, भोवती लालभडक.

"रॉकेल लाव, आपोआप सुटंल."

"रॉकेल-बिकेल काही नाही. हलू नका." मी चिमटा कातडीलगत धरून तिला सरळ वर ओढली. तोंड मात्र चालूच होतं. "खाजत होतं तर बोलायचं नाही?"

"बोललो असतो तर तू गायरान बंद केलं असतंस."

माझा राग तिथेच विरघळला. गोचीड डॉक्टरांना दाखवायला बाटलीत टाकली, साबणानं जखम धुतली. म्हटलं, "गायरान चालू राहील. पण रोज पाठ मी बघणार. आता सदरा घाला, दवाखान्यात जायचंय."

दादांनी सदरा घेतला, पण घातला नाही. तसेच पाठमोरे बसून राहिले.

"तुझी सासू गेल्यापासून," ते म्हणाले, "पाठीला कुणाचा हात लागला नव्हता."

मी उगाचच पुन्हा एकदा सगळी पाठ तपासली.