फळेमास्तरांचा ऑनलाइन तास

फळेमास्तरांच्या वर्गात जागेवरून बोलायची सोय नव्हती. शंका असो की उत्तर, उठायचं, फळ्यापाशी यायचं, खडूनं लिहायचं आणि मास्तरांकडे तोंड करून बोलायचं. त्यावरून तर हे नाव पडलं. काय ती शिस्त, म्हणून पालक वाखाणायचे. कसली शिस्त आणि कसलं काय! मास्तरांना ऐकू येत नव्हतं. आधी एक कान गेला, मग दुसरा, आणि हा माणूस पोरांचे ओठ वाचत भूमिती शिकवत राहिला. शाळेत कुणाला पत्ता नाही. कानाला यंत्र लावा, म्हणून बायको कानीकपाळी ओरडायची. पण यंत्र दिसलं की वर्ग काढून घेतील, या भीतीनं मास्तर ऐकतील तर शपथ.

आणि शाळेनं ऑनलाइन शिकवायचा प्लॅटफॉर्म घेतला. शिक्षकांना तो दाखवायला आलेली मुलगी चुणचुणीत होती, पण बोलायची स्क्रीनकडे बघत. मास्तरांनी शेजारच्याचं बघून बघून लॉगिन केलं, धडाही चढवला. निभावलं बुवा, असं त्यांना वाटलं.

मग सराव. मास्तरांनी शिकवायचं, बाकीच्यांनी पलीकडच्या खोलीत विद्यार्थी होऊन बसायचं. स्क्रीनवर ओळखीचे चेहरे आले, मास्तरांनी त्रिकोण काढला, रंगातही आले. तेवढ्यात नेट अडकायला लागलं आणि मुलीनं सगळ्यांना कॅमेरे बंद करायला लावले. झालं! चेहरे गेले, नुसती नावं उरली.

एका नावाभोवतीची चौकट उजळत होती, विझत होती. कुणीतरी काहीतरी विचारत होतं. पण मास्तरांना वाचायला ओठच नव्हते. सवयीनं तोंडून गेलं, "फळ्यापाशी ये."

पलीकडच्या खोलीतून मुख्याध्यापिका बाई आत आल्या तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोर बसून त्या मायेनं म्हणाल्या, "नाही जमत या वयात, त्यात काय एवढं? पुढच्या सत्रापासून ग्रंथालय सांभाळा." खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो बाई," ते म्हणाले, "ही यंत्रं आपल्याला नाहीच कळत."

घरी बायको भडकली. "अहो, तिथे प्रश्न लिहून विचारता येतो! आपली नात रोज विचारते. त्या मुलीनं सांगितलं नाही का?"

"सांगितलं असेल," मास्तर म्हणाले.

"मग आता तरी जाऊन खरं सांगा की!"

"काय सांगू? फळ्यापाशी यायला लाजणारी पोरं असतात गं. मागच्या बाकावरून हळूच विचारत असतील. आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवून लिहीत राहिलो. मास्तरांनी आपल्याला मोजलंच नाही, असं वाटलं असेल त्यांना." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. ते उठून खिडकीशी गेले.

"अहो, रडू नका ना," बायको म्हणाली. मास्तरांची तिच्याकडे पाठ होती. तिनं पुन्हा म्हटलं.