आधी विचारायचं, मग हात लावायचा

मंगळवार, १४ मार्च. सूनबाई पास झाली.

आपल्याकडे दहा वर्षं फिजिओथेरपी करूनही या परदेशात परवान्यासाठी तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पहिल्या खेपेला ती नापास झाली, कारण जुन्या सवयीने तिने पेशंटला न विचारताच त्याचा पाय उचलला. मग माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर सराव सुरू झाला.

"आई, हात लावू का?"

"अगं, घरच्या गुडघ्याला कसली आलीय परवानगी? धर की!"

"असं बोलू नका हो, सगळी मेहनत वाया घालवाल माझी!"

आता तिला स्वतःचं काम पुन्हा करता येईल. शिवाय माझा गुडघाही वाकतोय. देवाचे किती आभार मानू?

आनंदाच्या भरात कुकर लावायचा राहिला. सगळ्यांनी ब्रेड-बटर खाल्लं.