हदाराचं चिवट शीड

पंबुसुआंगच्या किनाऱ्यावर हदाराइतकं चिवट शीड कुणाच्या हातून उतरत नसे, आणि त्यातच तिचा घात होता. तिचा एकुलता एक मुलगा सायाद लग्न करून मामुजूला गेला, सासऱ्याची शर्यतीची होडी चालवू लागला. घरी यायचा तो फक्त मोठं शीड बदलायचं झालं की. म्हणजे तीन वर्षांतून एकदा. शेजारणी म्हणायच्या, "जरा कच्चं शिव गं बाई, पोरगा तरी दिसेल."

त्या घरात शीड फाटलं असं कुणी म्हणत नसे. दर्यावर जाणाऱ्याच्या कानावर तो शब्द नको. शीड म्हातारं झालं, असं म्हणायचं.

यंदा शीड म्हातारं झालं आणि सायाद आला. माशाच्या रश्श्यात बुडवून त्याने कसावाच्या चार गरम जेपा खाल्ल्या आणि हात धुवायच्या आत शिडाचा विषय काढला. वारा पडला तरी होडी पळाली पाहिजे, म्हणून शिडाचं पोट खोल हवं. मागची कड मात्र फडफडता कामा नये. कापड कोणतं, ते त्याने आईवर सोडलं.

माळ्यावर दोन तागे होते. निळं कापड हलकं, जराशा वाऱ्यालाही झकास फुगणारं, पण एका मोसमात ताणून ढिलं पडणारं. पांढरं जाड विणीचं. हदाराने निळं खाली काढलं. एकच वर्ष, की पुढच्या ऑगस्टात पोरगा पुन्हा या अंगणात.

"तू म्हणशील ते, किंदो," सायाद म्हणाला. किंदो म्हणजे आई, आणि तिच्यावर इतका विश्वास टाकायला नको होता त्याने.

तिने खडूने रेघही मारली. मग तिची नजर त्याच्या तळहातांवर गेली. दोराने पार सोलवटलेले. भर दर्यात वारा उलटला आणि हे कापड... पुढचा शब्द तिने मनातही येऊ दिला नाही. निळ्याची घडी घालून तिने पांढरा तागा उलगडला.

नऊ दिवस ती शिवत होती. सगळीकडे दुहेरी टीप, कोपऱ्यांना तिहेरी ठिगळ. सायाद शेजारी बसून सुया ओवून द्यायचा, सासऱ्याच्या नकला करून तिला हसवायचा. इतकं सुख तिला तीन वर्षांत लाभलं नव्हतं, आणि ते लवकर परत मिळायची वाट ती स्वतःच्या हाताने बुजवत होती.

दहाव्या दिवशी त्याने शीड खांद्यावर घेतलं. "किंदो, हे काही लवकर म्हातारं होत नाही बघ."

"शीड नाही होणार," हदारा म्हणाली, आणि वाटेसाठी बांधलेल्या जेपा तिने त्याच्या हातात दिल्या.