सहा हजार तीनशेच्या पुढे

आमच्या गाडीत तिसरा गिअर कधी पडणार हे मी ठरवत नसे, नाना ठरवत. नाना म्हणजे माझे वडील. धारच्या आयटीआयमध्ये त्यांनी उभी हयात पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर एक छोटी पेट्रोल गाडी घेतली, देवासला माझ्याकडे राहायला आले, आणि काचबिंदूने नजर गेली तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "चालव तू. पण शेजारी मी बसणार." हा आशीर्वाद आहे की धमकी, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

दर रविवारी आम्ही देवासहून धारला आत्याकडे जेवायला जातो. इंदूर मागे पडलं की एक टोल नाका लागतो. त्याचा दांडा वर गेला की पुढे रस्ता मोकळा. तिथे नाना टोपी काढून मांडीवर ठेवत, काच खाली करत आणि म्हणत, "घे." मग मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवायचा. कंपनीने या इंजिनाला मिनिटाला सहा हजार तीनशे फेऱ्यांची हद्द घालून दिली होती. काटा तिथे पोचला की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि गाडी उचकी लागल्यासारखी ठक-ठक-ठक करते. खेळ एवढाच, की उचकी लागायच्या अगदी आधी नानांनी "तिसरा!" म्हणायचं. काटा मी बघायचे, ते नुसते ऐकायचे. सहा हजार दोनशेला आवाज यायचा, "तिसरा!" आठ वर्षांत एकदाही उचकी लागली नव्हती. जमलं की ते काच वर करत आणि धार येईपर्यंत कुणा ना कुणाच्या जावयाला नावं ठेवत.

ते कान आमच्याकडे प्रसिद्ध होते. सतवास, पीपलरावां, कुठकुठल्या गॅरेजांतून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत. "सर, जरा सुनो तो," म्हणत आणि मोबाइल थेट चालू इंजिनाला लावत. आमच्या जेवणाच्या टेबलावर मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरची खडखड सुरू. नाना वरणभात कालवता कालवता सांगत, "टॅपेट ढिले हैं, और बेल्ट रो रहा है. बदल दे." डोळे गेले तरी माणूस कामावर होता. दिवसाकाठी दोन-चार फोन यायचे आणि ते आले नाहीत की नाना मला विनाकारण घालूनपाडून बोलायचे.

आता माझं. मी टोंकखुर्दच्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. वय पन्नाशीला टेकलेलं, नवरा नाही, तो का नाही ते आत्याला विचारा, ती सविस्तर सांगेल. रोज देवास ते टोंकखुर्द हीच गाडी. त्या रस्त्यावर सोयाबीन, कांदा, भुसा आणि वर चार माणसं लादलेल्या ट्रॉल्या असतात. एकेक ओलांडायला दुसऱ्या गिअरमध्ये जोर काढावा, अर्ध्या वाटेत यावं, समोरून बस दिसावी, आणि नेमकी तेव्हा गाडीला उचकी लागावी. असं दोनदा झालं. म्हणून मला हद्द वाढवून हवी होती, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण असं, की मी फोनवर रात्रंदिवस लोकांच्या गाड्या सात-साडेसात हजारांवर किंचाळताना बघत होते आणि मला हेवा वाटत होता. हेवा वाटायला वयाची अट नसते.

देवासच्या बायपासजवळ एक जण हे काम करतो. गाडीला लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल उतरवून घ्यायची, तिच्यात फेरफार करायचे, परत भरायची. माणूस चाळिशीचा, बोटं काळी, चष्मा मात्र स्वच्छ. गाडी बघितल्याबरोबर तो दोन पावलं मागे सरला.

"दीदी, ये तो सर की गाड़ी है."

तोही नानांचाच विद्यार्थी निघाला. देवास-धार पट्ट्यात नानांचा विद्यार्थी नसलेला मेकॅनिक शोधायचा तर राजस्थानात जावं लागेल. "सर को मालूम है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "तो बताना भी मत. मेरे कान अभी तक लाल हैं."

भीती दोघांनाही सारखीच होती. नानांच्या लेखी कंपनीची सर्व्हिस-पुस्तिका म्हणजे वेद. कुणी स्पार्क प्लगचा गॅप मनाने ठेवला तर ते विचारत, "कंपनीने लिहिलंय ते काय भांग पिऊन लिहिलंय?" हद्द वाढवायची, तीही मुलीने, तीही त्यांच्याच शिष्याकडून, म्हणजे संपलंच. आमच्या घराण्यात मोठ्यांना न दुखवण्याची एक जुनी रीत आहे: सांगायचंच नाही. आजोबांना धारचं संस्थान विलीन झाल्याचंही म्हणे आठवडाभर सांगितलं नव्हतं. मी त्याच परंपरेची पाईक.

कामात मात्र तो बायपासवाला पक्का होता. आधी मूळ फाइल उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवली. मग मला समजावलं, की नुसता आकडा वाढवून भागत नाही. कंपनीने पेट्रोलचा आणि ठिणगीचा तक्ता जिथवर लिहिला आहे त्याच्यापुढच्या ओळी आपल्याला भराव्या लागतात. सायलेन्सरमध्ये एक सेन्सर बसवून आम्ही बायपासवर चकरा मारल्या, मी चालवत, तो मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे बघत आणि मधूनच "राम राम" म्हणत. शेवटी सात हजारांवर थांबला. "इसके ऊपर नी जाऊँगा दीदी. और सच बोलूँ? ताकत तो छह के बाद गिरने लगती है. उसके ऊपर बस आवाज है."

मला आवाजच हवा होता. सोमवारी टोंकखुर्दच्या रस्त्यावर मी एका ट्रॉलीला अशी ओलांडून गेले की वरची चारही माणसं उभी राहिली. आठवडाभर मी शाळेत कुणावर ओरडले नाही. मुलं काळजीत पडली.

मग रविवार आला. टोल नाका, टोपी मांडीवर, काच खाली. "घे." मी घेतलं. सहा हजार, सहा एकशे, सहा दोनशे. "तिसरा!" नाना म्हणाले, अगदी नेहमीच्या जागी. आणि माझा पाय उठला नाही. मी ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण चुकून झालं असंही म्हणवत नाही. पुढे आठशे फेऱ्या शिल्लक आहेत हे माहीत असताना पाय उचलायला संत असावं लागतं. सहा पाचशे, सहा सातशे. "तिसरा," नाना पुन्हा म्हणाले, हळू. मी सहा नऊशेला गिअर टाकला.

त्यांनी काच वर केली नाही. मग म्हणाले, "उचकी नाही लागली."

"नाही लागली."

"मी म्हटल्यावर बराच वेळ गेला."

सांगायची वेळ ती होती. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणाले? "नाना, तुम्ही आज जरा लवकर म्हणालात." ऐंशीकडे झुकलेल्या, डोळे गेलेल्या माणसाला मी हे म्हणाले. वर हसलेसुद्धा. लिहिताना आता माझा मलाच राग येतो.

पुढच्या रविवारी त्यांनी "तिसरा" म्हटलं ते प्रश्न विचारल्यासारखं, आणि मान माझ्याकडे वळवून. मी मुकाट गिअर टाकला. त्याच्या पुढच्या रविवारी काच खाली गेलीच नाही. टोपी डोक्यावरच. नाका गेला, रस्ता गेला, कुणाच्या जावयाचाही उद्धार झाला नाही. मला वाटलं, थंडी आहे. माणसाला सोयीचं तेच वाटतं. घरी मात्र ते फोन माझ्याकडे देऊ लागले होते. "झोपलेत म्हणून सांग." मी सांगत होते. सतवासवाल्याला मी तीनदा सांगितलं की सर झोपलेत, एकदा तर सकाळी अकरा वाजता.

त्याच रविवारी धारला आत्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. आत्या नानांहून मोठी, तिचं मराठी अजून संस्थानी थाटाचं. "काय गं, नानाच्या कानांचं काय झालं?"

"कुठे काय?"

"मला म्हणाला, ताई, डोळे गेले होते, आता कानही गेले. पोरांना काहीबाही सांगेन, कुणाचं इंजिन फुटेल, त्यापेक्षा फोन घेत नाही. आणि पुढल्या रविवारी येणार नाही म्हणाला. गाडीत बसून करू काय, म्हणाला." तिने पोळी तव्यावर टाकली. "मी हो म्हटलं नाही हो. पण माझ्यासमोर रडला तो. लहानपणी पडला तेव्हाही रडला नव्हता."

मी त्या दिवशी काय जेवले ते आठवत नाही. आत्याने पुरणपोळी केली होती हे नंतर कळलं.

परतताना टोल नाक्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला लावली आणि सगळं सांगून टाकलं. बायपासवाला, लॅपटॉप, सात हजार, सगळं. नाना समोर तोंड करून बसले होते. मला वाटलं, आता कंपनी आणि भांग येणार. ते आलं नाही.

"मी म्हटलं तेव्हा काटा कुठे होता?"

"कधी?"

"त्या दिवशी. पहिल्यांदा."

"सहा दोनशे."

"नक्की?"

"काट्यावर काटा, नाना. नेहमीच्याच जागी."

त्यांनी मान हलवली. शेजारून एक ट्रक गेला, मग दुसरा. "तीन रविवार मी बहिरा होतो," ते म्हणाले, "आणि तुला माहीत होतं की मी नाही."

आत्याने सांगितलं तेव्हाच मला कळलं, असं मी सांगू शकले असते. ते अर्धसत्य झालं असतं आणि अर्धसत्यांचा कोटा मी वापरून बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माझं." मला रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या दिशेने, म्हणजे साधारण गिअरच्या दांड्याच्या दिशेने, धरला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांना घेऊन बायपासवर गेले. त्यांना उतरताना बघून तो चप्पल काढून उभा राहिला, स्वतःच्याच गॅरेजमध्ये. वाकून पाया पडला. नानांनी त्याचा खांदा चाचपला आणि सुरू केलं.

"वॉल्व की स्प्रिंग बदली?"

"नी सर. कंपनी की ही है."

"तो सात हजार पे वॉल्व कौन बिठाएगा? तेरा फूफा?"

"सर, लॉग देखा था, सब ठीक..."

"नई गाड़ी में ठीक. ये बारा साल की है. रोज टोंकखुर्द जाती है." मग थांबून, "ओरिजनल फाइल रखी है?"

"रखी है सर. दो जगह."

"चलो. इतना तो सीखा."

त्याचा चेहरा असा उजळला की मला थोडा मत्सरच वाटला. मूळ फाइल परत भरायला फार वेळ लागला नाही. तेवढ्यात नानांनी गॅरेजमधल्या आणखी दोन गाड्या ऐकायला नकार दिला. "आज नहीं," म्हणाले. "पहले मेरी देखने दो."

मग रविवार. टोल नाक्याचा दांडा वर गेला. नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि काच खाली केली. "घे," ते म्हणाले.

सहा हजार. सहा एकशे. सहा दोनशे. नाना गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर तोंड करून, ओठ मिटून बसले होते. सहा अडीचशे. माझा हात दांड्यावर होता, पण ते म्हणाल्याशिवाय मी गिअर टाकणार नव्हते, इंजिन फुटलं तरी. सहा तीनशे. आणि ठक-ठक-ठक-ठक, आमच्या खेळात आठ वर्षांत पहिल्यांदा. गाडी उचक्या देत चालली, मागचा बसवाला हॉर्नवर उभा राहिला, आणि नाना मान किंचित कलती करून ऐकत होते. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, त्यामुळे ते स्वतः तपासून बघत होते. त्यांचं बरोबरच होतं.

"आहे जागेवर," ते म्हणाले. "तिसरा."

मी गिअर टाकला. पुढचा रस्ता मला जरा धूसर दिसत होता, पण हे त्यांना सांगायची गरज नव्हती. घाटाबिल्लोदच्या आधी फोन वाजला. सतवासचा होता. सवयीने मी हात पुढे केला, सर झोपलेत म्हणायला. नानांनी माझा हात बाजूला सारला आणि काच वर केली.

"बोल," ते म्हणाले. "नहीं रे, कौन सोया था. इंजन के पास लगा फोन."