गाडी कोणी सावरली?

गाडीच्या सीटखाली शेंगदाण्याची सालं कधी जमतात, कळतच नाही. आमच्या रविवारच्या फेरीचे किस्से तसेच जमले. कुणी मुद्दाम साठवले नाहीत, पण झाडायला गेलं की संपत नाहीत!

म्हैसूरच्या बोगादीतले आम्ही तिघे. मी निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर नियंत्रणशास्त्र शिकवलं, पण गाडी रिव्हर्स घेताना अजून घाम फुटतो. देशपांडे बँकेतून निवृत्त, नव्या गाडीचे नवे मालक. आणि शंकरराव रंगारी, पाच पिढ्यांचे म्हैसूरकर. आजोबा लुगडी रंगवायचे, नातवाने आयुष्यभर बस चालवली. दर रविवारी सकाळी म्हैसूरबाहेर कुठेतरी डोसा खायला जायचं, एवढाच आमचा कार्यक्रम.

*

एकदा डोसा खाताना शंकररावांनी विचारलं, "सार, तुमच्या गाडीत ते स्टॅबिलिटी कंट्रोल का काय आहे, ते करतं काय?"

कुणी प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मिठाची डबी म्हणजे गाडी, सांडलेली चटणी म्हणजे ओला रस्ता. गाडी घसरली की सेन्सरला कसं कळतं, मग एकाच चाकाला ब्रेक कसा लागतो, हे मी साग्रसंगीत समजावलं. दुसरी कॉफीसुद्धा थंड झाली.

शंकररावांनी मिठाची डबी उचलून जागेवर ठेवली. "अय्यो सार, तुमचं सांगून होईतो गाडी शेतात!"

*

माझी मुलगी मीरा पुण्यात असते. मला बहात्तर लागल्यापासून तिच्या फोनची सुरुवात ठरलेली. "बाबा, किल्ली आईकडे द्या आता."

शेवटी तह झाला. गाडीत ती स्टॅबिलिटी कंट्रोल प्रणाली आहे तोवर मी चालवायची. ती बिघडली की किल्ली कायमची द्यायची. वर मीराने बजावलं, "मी गाडीच्या भरवशावर हो म्हणतेय. तुमच्या नव्हे!"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, माझंही मत तेच होतं.

*

बेट्टदपुरच्या वाटेवर पाऊस होता. देशपांड्यांनी एक वळण जरा जास्तच जोरात घेतलं. गाडी घसरली, थरथरली आणि आपली आपण सरळ झाली. देशपांडे खूश! "पाहिलंत? याला म्हणतात टेक्नॉलॉजी!"

मागच्या सीटवर शंकररावांनी धरलेली कडी सोडली. मग म्हणाले, "गाडी लई गुणाची आहे, सार. तिच्यासाठी एक चांगला ड्रायव्हर बघा!"

*

शंकरराव अनवाणी गाडी चालवतात. मी कारण विचारलं. "चप्पल घातली तर रस्ता काय म्हणतो ते पायाला कसं कळणार?"

मला ते शास्त्रीयदृष्ट्याही पटलं. पुढच्या रविवारी मीही चपला काढल्या. कृष्णराजनगरला हॉटेलपुढे उतरलो आणि पाय एकदम पोळले. चपला घरी, फाटकाबाहेर! देवळात जाताना काढतो तशा, गाडीत बसण्याआधीच काढून ठेवलेल्या.

आमच्या सौभाग्यवती, सुधाताई, फोनवर म्हणाल्या, "मी आत आणून ठेवल्यात. प्रसाद आणा!"

*

कृष्णराजनगरच्या पुढे सुगीत शेतकरी कुळथाचं कापलेलं पीक रस्त्यावरच पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी फुकटात मळणी होते. त्या सकाळी मी चालवत होतो. वळण संपलं आणि समोर रस्ताभर कुळीथ, वर दव.

गाडीचं मागचं अंग डावीकडे निघालं. डावीकडे कालवा होता. त्या रविवारी सोबत आलेली सुधा शेजारी होती, मागे दोघं मित्र. मी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, शेपूट जातंय तिकडेच चाक वळवलं, मग हळूच परत. गाडी सरळ झाली आणि कडेला थांबली.

तेवढ्यात सूप घेऊन बसलेली म्हातारी उठून आली आणि कन्नडात म्हणाली, "साहेब, अजून एक फेरी मारा की, नीट मळलं नाही!"

देशपांड्यांनी तिथूनच मीराला कळवलं, 'स्टॅबिलिटी कंट्रोलने वाचवलं!' मीराने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. गाडीला!

मीही मनात गाडीचे आभार मानले.

*

संक्रांतीला मीरा आली ती ठरवूनच. "आधी ती प्रणाली तपासून घेऊ. जरा जरी गडबड निघाली तर किल्ली माझी." आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. शंकरराव सोबतीला आले.

तिथली तंत्रज्ञ मुलगी शेजारी बसली. "सर, नेहमीसारखी चालू करा."

मी पट्टा लावला, किल्ली फिरवली आणि नेहमीसारखं ते घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण पिवळा दिवा लागेपर्यंत दाबून धरलं.

"सर, बंद का केलंत?"

"बंद? चालू केलं की! हा काय दिवा."

"गाडी सुरू झाली की ते आपोआप चालूच असतं, सर. काम करताना दिवा लुकलुकतो. हा असा जळत राहिला म्हणजे बंद. तुम्ही हे बटण कधीपासून दाबता?"

"गाडी घेतली त्या दिवसापासून," मी म्हणालो. "दर वेळी. न चुकता."

मीरा खिडकीशी उभी होती. तिचा चेहरा उतरला. "बाबा, त्या कुळथावर?"

"त्या दिवशी तर दोनदा बघितलं होतं. दिवा लागलेला होता."

मीराने हात पुढे केला. मी गाडी बंद केली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. नियंत्रणशास्त्रात पीएचडी आहे माझी!

"मीरा, स्वल्प थांब," मागून शंकरराव म्हणाले. "त्या दिवशी गाडी कोणी सावरली, ते विचार की आधी."

मीराने माझ्याकडे पाहिलं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायची मला सवय नाही.

"मी," मी म्हणालो.

मीराने मूठ उघडली. मग तिने किल्ली माझ्या हातात दिली, पलीकडून फिरून पुढच्या सीटवर येऊन बसली आणि पट्टा लावला.

"चला घरी. आणि बाबा, स्टिअरिंग सोडून कशालाही हात लावू नका!"