चार नंबरच्या मावशी

मावशी माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, हे आधीच सांगून टाकते. तरी सगळे खातेदार, बँकेतले सगळे सहकारी, इतकंच काय आमचे साहेबसुद्धा त्यांना मावशी म्हणतात. मला म्हणतात, "ओ मॅडम". कित्येक वर्षं आम्ही एकाच बँकेत शेजारी बसत आलो. मी तीन नंबरच्या काउंटरवर, त्या चार नंबरच्या, मध्ये काच. माझ्यासमोर शुकशुकाट आणि त्यांची रांग दारापर्यंत. मी म्हणायची, "इकडे या ना, इकडे मोकळं आहे." लोक ओशाळं हसायचे आणि तिथेच उभे राहायचे. माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं, लपवून काय करू?

बरं, बाईंचं कर्तृत्व ऐका. वडील लवकर गेले म्हणून कॉलेज सोडून बँकेत चिकटल्या. दोन भावांना शिकवलं, त्यांचे संसार थाटून दिले, स्वतःचं राहून गेलं. हे त्या कधी सांगत नाहीत, लोकच कौतुकाने सांगतात, त्याचा मला जास्त राग येतो. पण कामाचं काय? कीबोर्डवर एका बोटाने अक्षर शोधतात. पैसे काढायला आलेल्याला आधी विचारणार, गुडघा कसा आहे. घरी चष्मा विसरून येणाऱ्यांसाठी जाड भिंगाचा एक चष्मा काउंटरला दोऱ्याने बांधून ठेवलेला. मी तीन माणसं वाटेला लावते तेव्हा त्यांचं एक उरकतं. संध्याकाळी त्यांचा हिशेब जुळला नाही की चूक शोधून कोण देतं? मीच.

मग सरकारला सुधारणेची घाई झाली. बाहेरून मोठं कर्ज घेताना त्याने कबूल केलं होतं म्हणे, की तोट्यातल्या सरकारी बँका एकत्र करू, माणसं कमी करू आणि कोण किती काम करतं ते मोजू. आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन होणार होती. शाखेत आमच्या दोन काउंटरांचं एक होणार आणि आमच्यातल्या एकीची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला ती परवडणारी नव्हती. घरी बाबा एकटे असतात, त्यांचं दुपारचं औषध मी जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन देते.

कुणाला ठेवायचं ते टोकन यंत्र ठरवणार होतं. दारात बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर काउंटरचा नंबर. कुणी किती टोकनं निकाली काढली ते यंत्र परस्पर मुख्य कार्यालयाला कळवणार. मला त्या यंत्राचा मुका घ्यावासा वाटला. लोकांना आता माझ्याकडे यावंच लागणार होतं.

आठवडाभरात लोकांनी पळवाट काढली. चिठ्ठी हातात पडली की इकडेतिकडे बघायचं आणि हळूच विचारायचं, "तुमची चार नंबरची आहे का? बदलता?" घाईतली तरुण मंडळी खुशीने बदलायची. मी काचेआडून सगळं बघायची आणि जळफळायची.

त्यातच अफवा उठली, की ही बँक बुडणार. सोमवारी शटर वर जायच्या आत फूटपाथ माणसांनी भरला. मी मान वर न करता पैसे देत सुटले. पलीकडे मावशींचं आपलं नेहमीसारखंच, घाई म्हणून नाही.

"काढा ना, तुमचेच आहेत," त्या एका आजींना सांगत होत्या. "पण नेऊन ठेवणार कुठे? गादीखाली? माझा पगार इथेच पडून आहे हो, मी नाही काढला."

आजींनी स्लिप पिशवीत टाकली आणि घरी गेल्या. त्यांच्यामागचेही बरेच तसेच गेले.

दुपारी एक तरुण माझ्यासमोर आला. म्हणाला, "त्या काकांनी टोकन बदलून दिलं, बरं झालं." त्याने बोट दाखवलं तिकडे पाहिलं, तर चार नंबरच्या रांगेत माझे बाबा. आदल्या दिवशी जेवताना मी त्यांना मुख्य कार्यालयाचं परिपत्रक वाचून दाखवलं होतं, ठेवी सुरक्षित आहेत या ओळीखाली बोट ठेवून. त्या तरुणाच्या नोटा मोजताना मी दोनदा चुकले.

"मावशी, खरं सांगा," बाबा काचेजवळ वाकून विचारत होते, "राहू देऊ का पैसे?"

"राहू द्या, काका. पण लेक शेजारीच बसलीय की. तिला नाही विचारलंत?"

"ती कागद वाचून दाखवते हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. त्या जरा तोऱ्यात हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

घरी मी बाबांवर तोंड सोडलं. ते शांतपणे म्हणाले, "तू सांगितलंस तेच तिनेही सांगितलं. पण तिचं ऐकून धीर आला."

बँक बुडाली नाही. आमच्या शाखेतून सगळ्यात कमी ठेवी गेल्या म्हणून साहेबांची पाठ थोपटली गेली. महिनाअखेर यादी लागली. यंत्राच्या लेखी व्यवहार न करता परत गेलेला माणूस म्हणजे रद्द टोकन. निकाली टोकनांत मी सगळ्यांच्या पुढे होते आणि रद्द टोकनांत मावशी. त्यांची बदली झाली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही राहिलात, काकांचं औषध चुकणार नाही." त्यांना हे कुणी सांगितलं, ते विचारायची मला गरज नव्हती.

रांग आता माझ्यासमोर दारापर्यंत जाते. माझी बदली टळल्याची बातमी सांगितली तेव्हा बाबाही खूश झाले. बाबांची सगळी नोकरी बस आगारात गेली, शहरातली कुठली बस कुठे जाते ते त्यांना तोंडपाठ.

"मावशींच्या नव्या शाखेला इथून थेट बस आहे," ते म्हणाले. "खातं तिकडे हलवायचा अर्ज उद्या येताना घेऊन ये."

मी आणला. सही करताना हलू नये म्हणून कागद धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्ज काउंटरवर घेतला. आमच्या दोघींचं मिळून काउंटर एकच उरलं आहे, तेव्हा मंजुरीचा शिक्काही मीच मारला.